अकरा वेळा घासलेली कवळी

आधीच एक सांगून टाकते, म्हणजे पुढे मी चिडून काही बोलले तरी कुणाचा गैरसमज नको. गाण्याच्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. हे वाक्य तोंडातून काढायला मला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात मी त्यांना मनातल्या मनात काय काय नावं ठेवली ते विचारू नका. पण उपकार आहेत ते आहेत, आणि मानायला मी आता मागेपुढे पाहत नाही.

आमची दातांची लॅब आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि आम्ही कवळ्या बनवतो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. दोन टेबलं, एक भट्टी, पॉलिशचं मशीन आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. मेणात दात बसवायचे ते काम माझं. त्या मेणावर हिरडी कोरायची, आणि पुढचं घासणं-पॉलिश करणं ते यांचं. सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांपासून दीड हातावर बसतोय. मेण कोमट असताना काम सरकवायचं नाही, वाकतं. म्हणून ते मी माझ्या हातातून थेट यांच्या हातात देते.

आमचे हे मितभाषी आहेत. मितभाषी हा लोकांचा शब्द, माझा शब्द घुम्या. दिवसाला मोजून दहा वाक्यं, त्यातली चार 'बरं'. उरलेलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं आणि ते मी मनापासून केलं. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सासरचे सगळे म्हणतात. म्हणू देत. एक तीळ मी चौदा वर्षं भिजत ठेवला होता, पण त्याच्याकडे नंतर येते.

तर त्या वर्षी यांचं काम बिघडायला लागलं होतं. सुळ्याच्या वरची रेघ वाकडी, कुठे मेण जास्तच खरवडलेलं. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. "लक्ष कुठे असतं तुमचं? ही काय हिरडी म्हणायची? नांगरलंय नुसतं!" असं रोज काहीतरी. हे 'बरं' म्हणायचे, मेण पुन्हा तापवायचे आणि पुन्हा कोरायला घ्यायचे. एकदाही उलट बोलले नाहीत. मला वाटायचं, वय झालं, कंटाळा आला असेल.

आणि एका शुक्रवारी दुपारी गाण्याच्या बाई आल्या. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या, घरी गाणं शिकवणाऱ्या. त्यांची वरची कवळी आम्हीच बनवली होती. गाताना 'स' नीट उमटत नाही अशी तक्रार होती, म्हणून डॉक्टरांनी त्यांना थेट लॅबमध्ये पाठवलं होतं, की तुम्हीच थोडं घासून बघा. त्या नेहमी गुरुवारी यायच्या. गुरुवारी मी डॉक्टरांकडे तयार कामं घेऊन जाते, त्यामुळे माझी-त्यांची जुजबीच ओळख. त्या दिवशी मात्र रुमालात कवळीचे दोन तुकडे घेऊन आल्या, बेसिनमध्ये पडली म्हणाल्या. हे प्लास्टरची पोती आणायला गेले होते. निदान मला तरी तसंच सांगून गेले होते.

मी म्हटलं, बसा, दोन तासांत जोडून देते. तोंडाला रुमाल लावून त्या स्टुलावर बसल्या. मी त्यांचं कार्ड काढलं. आमच्याकडे प्रत्येक कामाचं कार्ड असतं आणि केलेलं प्रत्येक काम त्यावर लिहायचं, हा नियम यांचाच. यांच्या सुबक अक्षरात एकाखाली एक अकरा तारखा होत्या, सगळे गुरुवार. प्रत्येकीपुढे लिहिलेलं: घासून दिली.

अकरा वेळा! अहो, अकरा वेळा घासली तर कवळीत उरतं काय? आता माझी एक खोड सांगते. कवळी लॅबबाहेर जायच्या आधी मी तिची पाच जागची जाडी मोजून कार्डाच्या मागे लिहून ठेवते. हे मला हसतात, की तू काय सोनाराच्या घरची आहेस का. मी माप घेऊन तुकडे मोजले. पहिल्या जागी जेवढं लिहिलं होतं तेवढंच. दुसऱ्या जागी तेवढंच. पाचही जागी केसाचा फरक नाही. ती कवळी एकदाही घासलेली नव्हती.

चोरी करायची आणि वर तिची पावती फाडून ठेवायची, हे फक्त आमच्या ह्यांनाच जमणार. कार्ड कोरं ठेवणं त्यांच्या हातून होईना, आणि खरं लिहिणंही होईना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी हात चालू होते, तुकडे जोडून मी मेण लावत होते. पाठ न वळवता विचारलं, "बाई, दर गुरुवारी तुम्ही येता, आणि कवळी तर घासलेली दिसत नाही. मग करता काय तुम्ही दोघं?"

त्या जराही दचकल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. दात नसल्यामुळे त्यांचे शब्द निसटत होते, पण आवाज गोड. म्हणाल्या, "बोलत बसतो. 'स' तर दुसऱ्याच खेपेला सुधारला होता. पण त्यांचा हात मी पहिल्याच दिवशी पाहिला ना. आमच्या यजमानांचा तसाच थरथरायचा, म्हणून ओळखला. तेव्हापासून ते बोलतात आणि मी ऐकते. तुम्हाला तर सगळं ठाऊकच असेल. आज तपासणीचा काय निकाल लागला? फार घाबरले होते हो."

निकाल! तपासणी! मी प्लास्टरच्या पोत्यांची वाट बघत बसलेली. मी "अजून आले नाहीत" एवढंच म्हटलं आणि कवळी साच्यात घातली. बाईंना काहीही कळू दिलं नाही, पण साचा आवळताना माझं बोट चेपलं.

संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर मी कार्ड ठेवलं आणि म्हटलं, "वाचा."

यांनी वाचलं. मग म्हणाले, "त्यात तसं काही नव्हतं गं. हात लागला असेल तो कवळी काढता-घालताना. शपथ घेऊन सांगतो."

"हात लावला असतात तर बरं झालं असतं!" मी ओरडलेच. "झोपला असतात तिच्याबरोबर तर मी चार दिवस आदळआपट केली असती आणि पाचव्या दिवशी विसरले असते. तुमचा हात थरथरतो हे तिला ठाऊक, मला नाही? तुम्ही घाबरलात हे तिला ठाऊक? मी दीड हातावर बसते हो! मी रोज तुम्हाला वेंधळे म्हणत होते आणि तुम्ही दर गुरुवारी तिच्यापुढे मन मोकळं करत होतात!"

हे खरंच गोंधळून माझ्याकडे बघत होते. "पण मी तर काहीच केलं नाही," परत तेच.

आणि इथे मी हात दाखवून अवलक्षण केलं. मला वाटलं, या माणसाला फरक समजावून सांगायला हवा. चौदा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या गावी तीन आठवड्यांच्या कोर्सला गेले होते, चिनी मातीचे दात बनवायला शिकायला. तिथे शिकवणारा एक माणूस होता. शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेले. एकदाच. कशासाठी गेले, याला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. परत आले आणि कामाला लागले. ते सगळं मी त्या टेबलावर ओकून टाकलं, आणि वर म्हणाले, "बघा! त्याचं आडनावसुद्धा मला आठवत नाही. त्याला मी माझ्या मनातलं चकार शब्दानं सांगितलं नाही. त्यात काही नव्हतं. तुमचं खरं भयंकर आहे."

कप्पाळ माझं. मला मनापासून वाटत होतं, हे ऐकून यांना जरा बरं वाटेल.

यांचा चेहरा समोरच्या भिंतीसारखा पांढरा झाला. यांनी विचारलं, "एकदाच?" मी म्हटलं, एकदाच. मग विचारलं, "दिसायला कसा होता?" आणि मला हसू आलं. देवाशपथ, टिंगलीचं नव्हतं. इतक्या मोठ्या गोष्टीत हा माणूस हे काय विचारतोय म्हणून फस्सकन आलं. हे उठले, दोन कपडे पिशवीत घातले आणि नणंदबाईंकडे निघून गेले. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात. मी दारात उभी राहून पाहत होते आणि पहिल्यांदाच मला भीती वाटली, की हा माणूस आता परत यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हे लॅबमध्ये हजर. त्यासाठी मी आजही यांची ऋणी आहे. घर सोडलं पण काम सोडलं नाही, कारण कुणीतरी त्या दातांवाचून जेवायचं थांबलेलं असतं. दीड हातावर येऊन बसले. मी मेणातलं काम नेहमीसारखं यांच्या हातात द्यायला गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथे ठेव." माझ्या बोटाला यांचं बोट लागू नये म्हणून. आयुष्यात मला कुणी असं तोडून बोललं नव्हतं.

आणि आता तो हात मला दिसत होता. एकदा ठाऊक झालं की कसं दिसत नाही! सुरी मेणाला टेकायच्या आधी अंगठा थरथरायचा. हे श्वास रोखायचे, मग कोरायचे. रेघ वाकडी गेली की पुन्हा तापवायचे. सहा महिने हे असं चाललं होतं आणि मी नांगर-बिंगर म्हणत बसले होते. मला शरमेनं वर बघवेना.

तिसऱ्या दिवशी नणंदबाई घरी आल्या. तोंडानं फटकळ, माझ्यापेक्षाही चढ. भावानं त्यांना सगळं सांगितलं नव्हतं, घुम्याच तो. मीच सांगितलं, माझ्यासकट. मला वाटलं होतं आता थोबाडीत बसणार. त्या म्हणाल्या, "त्यानं तुझ्याशी केलं ते वाईट. तू केलंस ते त्याहून वाईट, मी त्याची बहीण आहे म्हणून नाही सांगत. पण हसलीस कशाला गं भवाने?"

"ताई, मला कळेना हो. एवढं काय त्या एका संध्याकाळचं?"

"आणि त्याला कळेना, एवढं काय त्या बोलण्याचं. परवापासून मला विचारतोय, मी फक्त बोललो, ही एवढी का ओरडली?"

मग त्यांनी एक उद्योग केला. एका मालिकेत असं असं दाखवलंय, असं सांगून भेटेल त्याला विचारायला सुरुवात केली, की यातलं जास्त वाईट कुठलं? रोज संध्याकाळी मला हिशेब द्यायच्या. आमच्या कामांची ने-आण करणारे काका म्हणाले, बोलेना का हजार गोष्टी, पण अंगाला हात लावला तर मी त्याला जिवंत सोडणार नाही. डॉक्टरांकडे नावं लिहून घेणारी बाई म्हणाली, झोपला तर झोपला मेला, पण त्याला तिच्याजवळ रडायला यायचं असेल तर माझा संसार संपला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही वाईट. पेशंट तुटू द्यायचा नाही, दुसरं काय! पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, असं सरळ चाललं होतं. मग नणंदबाईंनी स्वतःच्या यजमानांना विचारलं. अडतीस वर्षं पेपरातून मान वर न काढणारे गृहस्थ. ते म्हणाले, "तू दुसऱ्या कुणाशी मनापासून हसून बोललीस तर ते मला नाही सोसायचं. बाकीचं बघून घेऊ." हे सांगताना नणंदबाई बासष्टाव्या वर्षी लाजल्या, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. "माणसं काही एका साच्यातून काढलेली नसतात गं," म्हणाल्या, आणि चहाची भांडी विसळायला उठल्या.

त्या रात्री मी अंथरुणावर पडून ते जुळवून बघितलं. माझ्या पोटात जो खड्डा पडला होता, तस्साच यांच्या पोटात पडलाय. माझ्या खड्ड्याला हे 'काही नव्हतं' म्हणाले आणि यांच्या खड्ड्याला मी हसले. म्हणजे मीच मोठी अपराधी. सहाव्या दिवशी लॅबमध्ये, मशीन बंद असताना, मी म्हटलं, "मी चुकले. चौदा वर्षांपूर्वी चुकले, आणि परवा हसले ते तर फारच चुकले. माझ्या दृष्टीनं काही नव्हतं, पण तुमच्या दृष्टीनं काय होतं ते मी विचारायला हवं होतं." यांनी ऐकलं. नेहमीचं 'बरं'सुद्धा म्हणाले नाहीत. मशीन सुरू केलं.

सातव्या दिवशी गुरुवार. मी मुद्दाम लॅबमध्येच थांबले, तयार कामं काकांबरोबर पाठवली. बाई आल्या, दार उघडून आम्हा दोघांना पाहिलं आणि आत न येताच सगळं ओळखलं. हुशार बाई. उंबऱ्यातूनच यांना म्हणाल्या, "मला वाटत होतं तुम्ही घरी सांगितलंय. माझ्या यजमानांनी मला सांगितलं होतं, सगळ्यात आधी मला. म्हणून मी गृहीत धरलं. आता मी तुमचा एक शब्दही ऐकणार नाही. आधी तिथे बोला." आणि माझ्या टेबलाकडे बोट केलं. मग मला म्हणाल्या, "तुमचं होतं ते माझ्याकडे आलं. माफ करा." आणि गेल्या. त्यानंतर कवळीच्या कामाला त्या गुरुवार सोडून येतात, मी असते तेव्हा.

मला तेव्हा राग आला होता, की ही कोण मला माझंच परत करणारी. आज कळतं, ठेवून घ्यायचं ठरवलं असतं तर ठेवता आलं असतं त्यांना. एकटी बाई, दर गुरुवारी एक माणूस समोर बसून मन उघडं करतो. सोपं नसणार.

आठवा दिवस. एका आजोबांची वरची पूर्ण कवळी, चौदा दातांची, डॉक्टरांकडे मेणातच बसवून बघायला द्यायची होती, पाच वाजता काका न्यायला येणार होते. मी दात बसवून दिले, टेबलावर ठेवले, हात मागे घेतला. यांनी कोरायला घेतलं. सुरी टेकली, रेघ वाकडी. तापवलं. पुन्हा वाकडी. तिसऱ्यांदा तर सुरी घसरून दातच हलला. मी समोर भिंतीकडे बघत होते आणि तोंडातून शब्द फुटू नये म्हणून दात आवळून धरले होते. सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मनगट धर," हे म्हणाले.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. यांनी हात माझ्या टेबलाच्या बाजूला सरकवला होता. मी माझे हात ॲप्रनला पुसले, दोनदा पुसले, आणि यांचं मनगट धरलं. आतून ते एकसारखं थरथरत होतं. आठ दिवसांनी यांचा हात माझ्या हातात आला होता, आणि तो असा.

"घट्ट धरू?"

"धर. थांबणार नाही, पण जरा कमी होतं." हे कोरायला लागले, आणि कोरता कोरता बोलायला लागले. "मागच्या उन्हाळ्यात सुरू झालं. आधी फक्त पाणी पिताना. मग सुरी धरताना. मला वाटलं, तुला सांगितलं तर तू म्हणशील, आता लॅबचं कसं होणार? आणि त्याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या बाईंना लॅबचं काही पडलेलं नव्हतं, म्हणून त्यांना सांगता आलं. तुला सांगायला मी भ्यायलो होतो. अजूनही भितोय." पुढे तपासणीचं सांगितलं. रोग कसा आहे, औषध काय, किती वर्षं असं काम होईल याचा डॉक्टरांचा अंदाज काय. सगळं पहिल्यापासून. त्यातलं थोडं मला बाईंकडून कळलेलं होतं, तरी मी एकदाही मध्ये बोलले नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रमच म्हणायचा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

चार दात नीट कोरून झाले. पाचव्यापाशी हे थांबले. मान खाली, नजर मेणावर.

"त्याचा हात असा धरला होतास?"

"नाही," मी म्हटलं. "कुणाचाच नाही."

यांनी मान हलवली. मनगट काढून घेतलं नाही. मी मनात म्हणत होते, देवा, एवढं दिलंस ते पुरे, आता हे घरी आले नाहीत तरी मी तक्रार करणार नाही.

मग यांनी सुरी पुन्हा मेणाला टेकवली.

"अजून दहा दात राहिलेत," म्हणाले. "मग घरी जाऊ. तोपर्यंत सोडू नकोस."